ऐकणाऱ्यांचं कोण ऐकतं?

थायलंडच्या पश्चिम टोकाला, मोई नदीच्या काठी, माए सोट नावाचं गाव आहे. नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावड्डी. १९८८ साली म्यानमारच्या लष्करानं लोकशाहीची चळवळ चिरडली आणि तेव्हापासून माणसं ही नदी ओलांडून अलीकडे येत राहिली. त्यात विद्यार्थी होते, कारेन शेतकरी होते, तुरुंगातून सुटलेले कार्यकर्ते होते, गाव जाळलं गेल्यावर जंगलातून वाट काढत आलेली कुटुंबं होती. याच लोंढ्यातून आलेल्या डॉ. सिंथिया माउंग यांनी १९८९ साली तिथं माए ताओ क्लिनिक सुरू केलं. २००२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००० साली माजी राजकीय कैद्यांनीही तिथेच आपली संघटना उभारली. आत अडकलेल्या साथीदारांच्या नोंदी ठेवायच्या आणि सुटून आलेल्यांना सावरायला मदत करायची, हे तिचं काम.

या गावात मनाच्या दुखण्यावर इलाज करणारे तज्ज्ञ जवळजवळ नव्हतेच. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, रस्त्यात पोलीस दिसला की ज्यांना गल्ली बदलावी लागते, त्यांच्यासाठी बँकॉकचा मानसोपचारतज्ज्ञ असून नसल्यासारखाच. म्हणून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले पॉल बोल्टन, लॉरा मरे आणि त्यांचे सहकारी यांनी स्थानिक संस्थांना हाताशी धरून वेगळी वाट काढली. समुपदेशक निर्वासितांमधूनच निवडले. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. नैराश्य, भीती आणि आघाताच्या आठवणी यांवर बोलून उपचार करण्याची एक ठरावीक पद्धत त्यांना शिकवली गेली. ३४७ प्रौढांवर हा प्रयोग झाला. काहींना उपचार लगेच मिळाले, उरलेल्यांना काही महिने थांबायला सांगितलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेल्यांची नैराश्याची आणि आघाताची लक्षणं थांबलेल्यांच्या तुलनेत खूपच कमी झाली होती.

अशा प्रयोगांची बातमी बहुधा एका वाक्यात सांगितली जाते: थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर साधी माणसंही आघातावर उपचार करू शकतात. हे वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. प्रशिक्षणानंतर दर आठवड्याला काय होत होतं ते त्यात येत नाही. माझ्या मते सगळं बळ त्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

प्रशिक्षण संपलं म्हणून कुणाच्या हाती लगेच केस दिली जात नव्हती. आधी समुपदेशकांनी आपसात एकानं रुग्ण आणि दुसऱ्यानं समुपदेशक होऊन सराव करायचा. मग प्रत्येकाला एकच केस, तीही देखरेखीखाली. ती नीट पार पडली की पुढच्या. दर आठवड्याला समुपदेशक लहान गटानं स्थानिक सुपरवायझरबरोबर बसायचे आणि एकेक केस मांडायचे. हा सुपरवायझर त्यांच्यातलाच, पण अधिक तयार झालेला माणूस. सुपरवायझर मंडळी दर आठवड्याला स्काइपवरून अमेरिकेतल्या प्रशिक्षकांशी बोलायची. म्हणजे ऐकणाऱ्याचं ऐकणारा होता, आणि त्याचंही ऐकणारं कुणीतरी होतं. २०११ साली मरे आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीवर लिहिलं तेव्हा तिला त्यांनी उमेदवारीची पद्धत म्हटलं. गवंड्याच्या हाताखालचा पोऱ्या जसा भिंत बांधता बांधता शिकतो, तसं हे शिकणं आहे.

या बैठकीत नेमकं काय चालतं ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. ‘सेशन छान झालं’, ‘त्यांना बरं वाटलं’ अशी उत्तरं इथं पुरत नाहीत. तू काय विचारलंस? त्यावर त्या काय म्हणाल्या? कोणत्या शब्दांत? मग तू काय केलंस? असं एकेक पाऊल मागे जात सेशन पुन्हा उभं केलं जातं. आठवडाभरात झोप, भूक, दारू, आत्महत्येचे विचार यांत काय फरक पडला ते विचारलं जातं. मग जिथं अडलं तो प्रसंग गटात करून पाहायचा.

समजा, माए सोटमधला एक समुपदेशक आहे. स्वतः काही वर्षं तुरुंगात काढलेला. त्याच्याकडे आलेला माणूसही त्याच तुरुंगातून सुटलेला. तीन आठवडे झाले, दोघं भेटतात, श्वासाचे व्यायाम होतात, घरच्या अडचणींवर बोलणं होतं. चौकशीच्या खोलीतल्या त्या रात्रीचा विषय काही निघत नाही. बैठकीत सुपरवायझर कारण विचारतो.

“सया, तो अजून तयार नाही.” म्यानमारमध्ये शिक्षकाला, डॉक्टरला, गुरुस्थानी असलेल्या पुरुषाला सया म्हणतात.

“हे त्यानं सांगितलं, की तुला वाटलं?”

समुपदेशक गप्प होतो. थोड्या वेळानं सांगतो की त्या खोलीचं नाव निघालं की त्याला स्वतःलाच तिथला वास येतो.

हा प्रसंग कल्पित आहे, पण आघातावर काम करणाऱ्या कुठल्याही गटात असं काहीतरी घडतंच. इथून पुढे सुपरवायझरनं काय करावं हा नाजूक प्रश्न आहे. समुपदेशकाच्या तुरुंगवासाची कहाणी उकरून त्याच्यावरच उपचार सुरू करणं त्याचं काम नाही. ‘तुझं दुःख घरी ठेवून ये’ असं म्हणूनही चालणार नाही. तो इतकंच पाहतो की या क्षणी समुपदेशकाची आठवण रुग्णाच्या उपचाराच्या आड येते आहे का, आणि येत असेल तर काय करता येईल. कदाचित ते पुढच्या सेशनचं पहिलं वाक्य गटात मोठ्यानं म्हणून पाहतील. कदाचित ही केस दुसऱ्याकडे जाईल आणि त्यात कुणाला कमीपणा वाटणार नाही. कदाचित समुपदेशकालाच काही काळ उपचार घ्यायला सुचवलं जाईल, पण दुसऱ्या कुणाकडे, या बैठकीबाहेर.

त्या रात्रीचा विषय टाळणं इतकं गंभीर का, ते समजायला आघाताची आठवण कशी असते ते पाहावं लागतं. साध्या आठवणीला सुरुवात असते, शेवट असतो आणि ती आपल्याला मागे पडलेली वाटते. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांनी येते. बुटांचा आवाज, डिझेलचा वास, कुणाचा तरी हात. तिला तारीख नसते, म्हणून ती आत्ता घडते आहे असं वाटतं. उपचारात ती सुरक्षित जागी, क्रमानं, पुन्हा पुन्हा सांगितली जाते. सांगताना भीती चढते, टोकाला जाते आणि माणूस तिथंच थांबून राहिला तर हळूहळू उतरते. घडून गेलेली गोष्ट आता आठवली तरी मरण येत नाही, हे शरीर असं शिकतं. आता विचार करा, भीती टोकाला असताना समोरचा रडू लागला आणि नवख्या समुपदेशकानं दयेपोटी म्हटलं, ‘राहू द्या, आज इथंच थांबू.’ हेतू किती चांगला! पण शरीर नेमकं उलटं शिकतं: ही आठवण खरोखरच असह्य आहे, ऐकणाऱ्यालाही ती पेलली नाही. पुढच्या वेळी तो माणूस येतच नाही. समुपदेशकाच्या या दयेवर नजर ठेवणारं कुणीतरी लागतं, कारण ती चूक चूक वाटतच नाही.

युगांडाच्या नैर्ऋत्येला नाकिवाले ही निर्वासितांची मोठी वसाहत आहे. तिथं जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठाशी संबंधित फ्रँक नॉयनर, माग्गी शाउअर, थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांमधूनच समुपदेशक तयार केले. त्यांना सहा आठवड्यांचं शिक्षण दिलं. संपूर्ण आयुष्याची कहाणी, सुखदुःखासकट, क्रमानं सांगून घेण्याची त्यांची पद्धत आहे. समुपदेशक ती लिहून काढतो, पुढच्या भेटीत वाचून दाखवतो आणि शेवटी सांगणाऱ्याच्या हाती देतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २७७ निर्वासित होते. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांपैकी ७० टक्के लोक आघाताच्या आजाराच्या व्याख्येत बसत नव्हते. मोकळ्या पद्धतीचं समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के होतं. ज्यांची फक्त नोंद ठेवली त्यांच्यात ३७. छावणीतली माणसं छावणीतल्या माणसांवर इतका चांगला उपचार करू शकतात, हे त्यातून दिसलं.

रुग्णाला बरं वाटण्याबरोबर समुपदेशकाच्या आत काय साचत जातं, तो दुसरा धागा. १९९० साली लिसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन या दोघींनी त्याची नीट मांडणी केली. इतरांच्या आघाताच्या कहाण्या वर्षानुवर्षं ऐकणाऱ्याचं जगाबद्दलचं मत बदलू लागतं, असं त्यांनी म्हटलं. हा कामाचा साधा थकवा नव्हे. थकवा सुट्टी घेतली की उतरतो. इथं माणसाच्या मुळाशी असलेल्या समजुती हलतात: घर सुरक्षित आहे, शेजारी भला आहे, मुलगी शाळेतून घरी येईलच. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात कामाचा भाग म्हणून आघाताचे भयानक तपशील वारंवार समोर येणं हेही आजाराचं कारण ठरू शकतं, असं नमूद झालं.

हे साचणं दोन रूपांत दिसतं. एकाला रात्री झोप लागत नाही, दाराची कडी दोनदा तपासावी लागते, ऐकलेल्या गोष्टी स्वप्नात येतात. दुसऱ्याला काहीच होत नाही. कहाणी ऐकून तो म्हणतो, ‘हीसुद्धा तशीच केस.’ अनुभवी सुपरवायझर पहिल्याइतकीच, किंबहुना जास्त, दुसऱ्याची काळजी करतो. पहिला स्वतःहून बोलेल. दुसऱ्यानं ऐकणंच बंद केलेलं असतं आणि समोर बसलेल्या बाईला ते लगेच कळतं.

यात एक माणूस कायम विसरला जातो, तो म्हणजे दुभाषी. लंडन, सिडनी, बर्लिन इथल्या केंद्रांत समुपदेशक आणि निर्वासित यांची भाषा एक नसते. चांगला दुभाषी प्रथमपुरुषात बोलतो. समोरची बाई म्हणते, ‘त्यांनी माझ्या भावाला माझ्यासमोर मारलं,’ आणि दुभाष्यालाही म्हणावं लागतं, ‘माझ्या भावाला माझ्यासमोर मारलं.’ दिवसातून चार वेळा, चार वेगवेगळ्या भावांबद्दल. पुष्कळदा तो स्वतः त्याच देशातून पळून आलेला असतो. तासावर पैसे घेऊन तो निघून जातो आणि समुपदेशक सुपरव्हिजनला जातो. दुभाष्यासाठी अशी बैठक न ठेवणारं केंद्र अर्धंच काम करतं, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

आणखी एक भार असहायतेचा. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांत २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून पळून आले. तिथल्या कामासाठी निर्वासितांमधूनच स्वयंसेवक तयार केले गेले. २०२३ साली निधी आटला आणि माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आलं. अशा वेळी झोप न लागणाऱ्या आईला श्वासाचा व्यायाम शिकवताना स्वयंसेवकाला काय वाटत असेल? त्याचंही रेशन तेवढंच कमी झालेलं. त्याला वाटतं, आपलं काम फोल आहे. किंवा तो खिशातले पैसे देऊ लागतो, अर्ज भरून देतो, रात्रीअपरात्री फोन घेतो आणि दोन महिन्यांत मोडून पडतो. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की रुग्णाशी बाहेर संबंध ठेवू नयेत. छावणीत हे कसं पाळणार? पाण्याच्या नळावर, मशिदीत, दवाखान्याच्या रांगेत रोज भेट होते. बहीण कुणाच्या तरी घरी दिलेली असते. नियम पाठ करून हे सुटत नाही. नळावर भेटलात तर ओळख दाखवायची का, हे पहिल्याच सेशनमध्ये त्या व्यक्तीला विचारून ठरवता येतं. अन्नाचा प्रश्न अन्नवाटप करणाऱ्यांकडे पोचवणं हेही समुपदेशकाचं काम असतं, फक्त तो स्वतः सोडवणं त्याच्या हाती नसतं. अशी वाटणी सुपरव्हिजनमध्ये केसगणिक करावी लागते.

या साऱ्या पद्धतीचा इतिहास निर्वासितांशीच जोडलेला आहे. १९२० साली बर्लिनमध्ये माक्स आइटिंगॉन आणि कार्ल आब्राहाम यांनी गरिबांसाठी मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला. शिकाऊ विश्लेषकानं आपली केस नियमितपणे ज्येष्ठासमोर मांडावी हा शिरस्ता तिथं पक्का झाला. आइटिंगॉन ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली ते बर्लिन सोडून जेरुसलेमला गेले. बुडापेस्टचे मायकेल बॅलिंट १९३९ साली इंग्लंडला आले. पुढे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट चालवले. डॉक्टरांनी रुग्णाच्या आजाराबरोबर त्या रुग्णामुळे स्वतःला काय वाटलं तेही तिथं सांगायचं. जगभर ‘बॅलिंट गट’ म्हणून ते ओळखले जातात. घर सोडावं लागलेल्या माणसांनी वाढवलेली ही पद्धत आज पुन्हा घर सोडावं लागलेल्यांच्या कामी येते आहे.

१९५५ साली हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकी मनोविश्लेषकानं एक निरीक्षण नोंदवलं, ते मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतं. रुग्ण आणि उपचारक यांच्यात जे घडतं ते उपचारक नकळत सुपरवायझरसमोर पुन्हा घडवतो. एरवी नेटकी बोलणारी समुपदेशक एखाद्या केसबद्दल बोलताना तुटक बोलू लागते, क्रम चुकवते, महत्त्वाचं शेवटच्या मिनिटाला सांगते. ऐकता ऐकता सुपरवायझरलाही गुदमरल्यासारखं होतं, इथं आपण काहीच करू शकत नाही असं वाटू लागतं. नवखा सुपरवायझर चिडतो किंवा सल्ल्यांचा भडिमार करतो. जाणता थांबून स्वतःला विचारतो, की हे मला जे वाटतंय ते आत्ता त्या खोलीत कुणाला वाटत असेल? शब्दांत न आलेली रुग्णाची अवस्था अशा आडवाटेनं बैठकीत पोचते.

हे सारं घडायला एक अट आहे. समुपदेशकाला खरं बोलता आलं पाहिजे. आशियातल्या आपल्या समाजांत ते सोपं नाही. वयानं, ज्ञानानं मोठ्या असलेल्यापुढे ‘मला जमलं नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, त्यांना त्रास कशाला द्या असंही वाटतं. त्यात तोच सुपरवायझर कराराचं नूतनीकरण करणारा असेल तर विषयच संपला. रेड क्रॉस चळवळीचं कोपनहेगनमधलं मनोसामाजिक केंद्र आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज यांनी मिळून अशा कामासाठी सुपरव्हिजनची एक एकत्रित पद्धत तयार केली आणि २०२१ साली तिचं हस्तपुस्तक काढलं. आधार देणारी बैठक आणि नोकरीचं मूल्यमापन ही कामं शक्य तिथं वेगळ्या माणसांकडे असावीत, हा त्यातला आग्रह मला पूर्ण पटतो. बैठक ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी होणं हेही तितकंच महत्त्वाचं. संकट आल्यावरच बोलावलं तर बोलावणं आलं म्हणजेच काहीतरी चुकलं, असा अर्थ लागतो.

पण इतके सुपरवायझर आणायचे कुठून? याचं एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात सापडलं. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘संगाथ’ संस्थेत सामान्य शिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्य आणि दारूच्या व्यसनावर उपचार करून घेतले जात होते. तिथले रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे गोंयकार होते, निर्वासित नव्हते, पण तज्ज्ञांची टंचाई तीच होती. सेशनचं ध्वनिमुद्रण करायचं, गटात सगळ्यांनी ऐकायचं आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे, असं त्यांनी केलं. २०१४ साली डेझी सिंगला आणि सहकाऱ्यांनी हे गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींत बऱ्यापैकी मेळ दिसला. बरोबरीच्या माणसांसमोर चूक ऐकवताना संकोचही कमी होतो. ध्वनिमुद्रण छावणीत दरवेळी शक्य नसतं. पकडलं जाण्याच्या भीतीत जगणारा माणूस आपला आवाज कुणाच्या यंत्रात ठेवायला तयार होत नाही, आणि त्याचा तो नकार मानायलाच हवा. तिथं आठवणीतून सांगणं आणि प्रसंग करून दाखवणं यांवर भागवावं लागतं.

सुपरव्हिजनमध्ये फक्त जखमाच मोजायच्या नसतात. २००७ साली पिलार एर्नांदेझ, डेव्हिड गँगसी आणि डेव्हिड एंगस्ट्रॉम यांनी कोलंबियातल्या बोगोटा शहरात राजकीय हिंसाचाराच्या बळींबरोबर काम करणाऱ्या उपचारकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सोसलेल्या माणसांना उभं राहताना पाहून उपचारकांमध्येही बळ येतं, स्वतःच्या अडचणींकडे पाहण्याची नजर बदलते, असं त्यांना आढळलं. ‘या आठवड्यात त्या बाईंकडून तू काय शिकलीस?’ हा प्रश्न बैठकीत मुद्दाम विचारावा लागतो. त्रास आपोआप सांगितला जातो, हे सांगितलं जात नाही.

पैसे देणाऱ्या संस्थांना प्रशिक्षण समजतं. त्याला तारीख असते, उपस्थितांचा आकडा असतो. दर आठवड्याचे दोन तास, दोन-तीन वर्षं, हा खर्च अंदाजपत्रकात बसवायला ओढाताण होते. आणि काटछाट करायची वेळ आली की आधी त्यालाच कात्री लागते. मग शिकवलेलं हळूहळू विरतं, अवघड भाग गाळले जातात, समुपदेशक गप्पांवर येतो किंवा काम सोडतो. त्याची किंमत निर्वासित मोजतो, कारण आयुष्यातली सर्वांत कठीण गोष्ट त्यानं कुणापुढे तरी अर्धी सांगितलेली असते.

थायलंडच्या सीमेवर या कामाला आणखी एक वळण होतं. २००५ पासून तिथल्या छावण्यांतून सुमारे लाखभर लोकांना अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत नेऊन वसवण्यात आलं. शिकलेले, भाषा येणारे पुष्कळदा आधी गेले, आणि समुपदेशक होतात ते त्यांच्यातलेच. अशा ठिकाणी आज बैठकीत बसलेली समुपदेशक दोन महिन्यांनी दुसऱ्याच देशात असू शकते, आणि तिच्याकडे येणाऱ्या बाईंची कहाणी तेव्हा अर्ध्यावर असेल. म्हणून जाणारीला तारीख कळली की सुपरव्हिजनमध्ये वेगळं काम सुरू होतं. कोणत्या केस संपवता येतील, कोणत्या सोपवाव्या लागतील, बाईंना केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, नव्या समुपदेशकाला त्यांच्या संमतीनं काय सांगायचं आणि काय त्यांनी स्वतः सांगण्यासाठी राखून ठेवायचं. निदान एक सेशन तिघींनी मिळून घ्यावं असं ठरतं. जी बाई याआधी सगळं आणि सगळ्यांना एका रात्रीत गमावून आली, तिला या वेळी कुणाचं तरी जाणं आधी कळतं आणि निरोप घ्यायला वेळ मिळतो.